तिसऱ्यांदा चेपलेली नळी

गंगावेशीजवळच्या एका बोळात मल्लेशअण्णांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. वय त्रेसष्ट. मूळचे गडहिंग्लजकडचे, घरात कानडी, दुकानात कोल्हापुरी. परवान्याच्या बंदुकांचे चाप, घोडे, दस्ते नीट करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. हाताला घाई ठाऊक नाही. कुठलंही काम महिनाभर चालायचं. पण त्यांनी नीट केलेली बंदूक त्याच दुखण्यासाठी परत आली, असं कधी झालं नव्हतं.

मुरगूडच्या गणपतरावांची दुनळी बंदूक आली आणि हे मोडलं.

बंदूक गणपतरावांच्या आजोबांची, शंभरी ओलांडलेली. पहिल्यांदा आली तेव्हा उजव्या नळीच्या तोंडाला वालाच्या दाण्याएवढा पोचा पडलेला. "कपाटावरनं पडली," गणपतराव म्हणाले. अण्णांनी मापाचा पितळी दट्ट्या कातला, तेल लावून तोंडातून आत सरकवला आणि बाहेरून पितळी हातोडीनं हलकेच ठोकत पोचा केसाकेसानं वर आणला. बोट फिरवलं तर कळू नये असं तोंड गोल झालं.

दहा महिन्यांनी तीच बंदूक परत आली. तीच नळी, तीच जागा.

"अण्णा, तुमचं काम टिकलं न्हाय की वो," गणपतराव म्हणाले.

"परत पडलीया का?"

"तवापास्नं कुलपात असती. पडंल कशी?"

अण्णांनी काही न घेता काम करून दिलं, पण त्यांच्या डोक्यात किडा वळवळू लागला. वर उचललेलं लोखंड आपोआप खाली बसतं का? त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ओळखीच्या एका फाउंड्रीवाल्याला विचारलं, तो हसला. बायकोला, रत्नव्वाला विचारलं. ती म्हणाली, "लोखंड काय रुसून बसतंय व्हय? तुमचाच हात हलला असंल."

हे शेवटचं वाक्य अण्णांना लागलं. ते हात समोर धरून बघू लागले. कधी वाटायचं थरथरतोय, कधी वाटायचं नाही.

यंदा फेब्रुवारीत बंदूक तिसऱ्यांदा आली. या वेळी गणपतरावांबरोबर त्यांची बायको चिमणाबाई होती. दवाखान्याचं काम काढून आली होती म्हणे. परवान्याची झेरॉक्स काढायला गणपतराव कोपऱ्यावर गेले. अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं. पोच्यात काळ्या दगडाची बारीक कच रुतलेली होती.

"हे कपाटातलं न्हाय," अण्णा स्वतःशीच बोलले. "दगड कुठनं आला ह्यात?"

"वरवंटा हाय त्यो," चिमणाबाई म्हणाली.

अण्णांनी भिंग काढलं.

"मीच ठेचतो. किल्ली कुठं असती मला ठावं हाय." तिनं एकदा दाराकडं बघितलं. "तीन वर्सांमागं भावकीतल्या आकारामसंगं बांधावरनं वाजलं. हे बंदूक घिऊन रानात गेलतं. आत काडतुसं भरल्याली, मी डोळ्यानं बघितलं. मी आडवी पडलो म्हणून माघारी आलं. अजून त्येचं नाव निघालं की कपाटाकडं बघत्यात."

"मग त्यांस्नीच सांगा की."

"सांगून बघितलं. बापजाद्याची चीज म्हणत्यात." तिनं बंदुकीकडं बोट केलं. "ती तुमच्याकडं महिनाभर ऱ्हाती. तेवढा महिना मला झोप लागती."

तेवढ्यात गणपतराव आले आणि बोलणं तिथंच तुटलं.

हात हलला नव्हता, हे कळून अण्णांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. काम नाकारावं तर गणपतराव ती बेळगावच्या कारागिराकडं नेतील. करावं तर बंदूक पुन्हा त्या घरात. बाईचं नाव सांगावं तर तिचे हाल. पंधरा दिवस त्यांनी नळ्यांना हातच लावला नाही. शेवटी कामाला बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

पोचा सुटला. मग त्यांनी त्या जागी नळीच्या भिंतीची जाडी मोजली. तीनदा उचललेलं लोखंड पातळ होणारच, पण किती? पहिल्या मापात ठीक आली. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात या दोन्हींच्या मधली. बाईचं बोलणं कानात असल्यानं आपण कमीच बघतोय की काय, हे त्यांना ठरवता येईना. चौथ्यांदा मोजायचं त्यांनी टाळलं.

गणपतराव न्यायला आले.

"तोंड सरळ झालंय," अण्णा म्हणाले. "पर आता बार काढू नका. नळी पातळ झालीया. फुटली तर तुमचाच हात जाईल."

गणपतराव बराच वेळ नळीवरून बोट फिरवत राहिले. "चिमणानं काय सांगितलं का तुम्हास्नी?"

अण्णांनी भिंग डबीत ठेवलं. "नळी पातळ हाय, गणपतराव."

"लिहून द्या."

अण्णांनी लिहून दिलं. सही करताना हात खरंच हलला.

गणपतरावांनी कागद दोनदा वाचला. भांडतील असं वाटलं होतं. उलट त्यांचे खांदे सैल पडले. "मी आपणहून सरकारात जमा केली असती तर भावकी हसली असती," ते म्हणाले. "आता नळीच गेली म्हटल्यावर कोण काय बोलणार?" त्यांनी बंदूक घरी नेलीच नाही. परवान्याच्या कचेरीत अर्ज केला, आणि महिन्याभरात ती दुकानातून रीतसर सरकारजमा झाली.

त्या दिवशी जेवताना रत्नव्वानं विचारलं, "खरंच पातळ होती का वो?"

अण्णांनी भाकरीचा तुकडा हातातच धरला. खोटं लिहिलं असं म्हणावं तर दुसरं माप आठवत होतं, आणि खरं लिहिलं म्हणावं तर पहिलं.

"मला कळंना झालंय," ते म्हणाले. "आणि आता मोजायला नळीबी न्हाय."