दहा ते पाच पुरणारा लॅपटॉप

शिवराज बिरादारला सहाशे दहा टेलिफोन नंबर तोंडपाठ होते. शहरातल्या कोठी भागात एका बँकेच्या विभागीय कार्यालयात तो १९८५ साली ऑपरेटर म्हणून लागला, तेव्हापासूनचे. कुणी "शिवराज, वरंगलच्या मॅनेजरला लाव," म्हटलं की त्याचं बोट वाक्य संपायच्या आधी डायलवर असायचं.

सात वर्षांचा असताना गोवर आला आणि जाताना त्याचे दोन्ही डोळे घेऊन गेला. वडील नामदेवराव भालकीजवळच्या गावात चार एकर कोरडवाहू करत होते. पोराला अंधशाळेत घालायचं तर शहरात राहायला हवं, म्हणून त्यांनी शेत भावाकडे दिलं आणि गौलीगुड्यात एका आडत्याकडे धान्य तोलायला लागले. जन्मभर तोलत राहिले. शिवराजला नोकरी लागल्याचं पत्र आलं, त्या दिवशी त्यांनी आडतीतल्या सगळ्यांना जिलबी वाटली आणि स्वतः मात्र खाल्ली नाही. "माझं पोट आज तसंच भरलं," म्हणाले.

पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून असलेली लाकडी केबिन ही शिवराजची जागा. समोर बोर्ड, कानाला हेडफोन. दिवसाला दोनशे-अडीचशे फोन. माणूस "हॅलो" म्हणाला की त्याला माणूस कळायचा. कुणाला सर्दी झाली, कुणाची बदली झाली, कुणाचं घरी भांडण झालं, हे सगळं साहेबांच्या आधी त्याला ठाऊक असायचं.

मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवं एक्स्चेंज आलं. बाहेरचा फोन आता सरळ टेबलावर वाजू लागला. त्यामागोमाग साहेबांच्या खिशात मोबाईल आले, पुढे शिपायांच्याही. दोनशेवरून फोन पन्नासावर आले, पन्नासावरून पाचावर. २००७ साली असा एक आठवडा गेला, की सोमवार ते शनिवार एकही फोन आला नाही. पगार वेळेवर होत होता. कुणी त्याला काही बोलत नव्हतं. पण सकाळी दहाला केबिनमध्ये जायचं, पाचला उठायचं, आणि मधे काही नाही. घरी बायको तारामती विचारायची, "आज काय झालं आपिसात?" तो जुन्या आठवणीतलं काहीतरी सांगायचा. एकदा त्याने तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. तिच्या लक्षात आलं.

त्याच वर्षी विद्यानगरात एका संस्थेने अंधांसाठी संध्याकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग काढला. कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारा प्रोग्रॅम घालायचा, मग पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवायचा. शिवराज पंचेचाळिशीचा होता आणि वर्गात बाकी सगळी विशीतली मुलं. टायपिंग त्याला शाळेपासून येत होतं, त्यामुळे हात लगेच बसला. कान तर तयारच होते. वर्षभराने त्या यंत्राचा आवाज तो इतका भरभर लावून ऐकायचा, की तारामतीला नुसती चिवचिव ऐकू यायची.

"ह्यातलं तुम्हाला कळायलंय?"

"हौ. तू बोलतीस त्याच्यापेक्षा हळूच आहे."

आता काम हवं होतं. ते त्याने स्वतः शोधलं. तपासणी अधिकारी निजामाबाद, नलगोंडा, आदिलाबादच्या शाखांवर जायचे, परत येऊन हाताने अहवाल लिहायचे आणि तो टाइप करायला माणूस नसायचा. जुने टायपिस्ट निवृत्त झाले होते, नवे कुणी भरले नव्हते. अहवाल महिना महिना पडून राहायचे. शिवराज विभागीय व्यवस्थापकांकडे गेला. राजवाडे साहेब नुकतेच पुण्याहून बदलून आलेले होते.

"साहेब, अधिकाऱ्यांना म्हणावं तिथूनच मला फोन लावा. बोलत जा. मी टाइप करतो. संध्याकाळी अहवाल तुमच्या टेबलावर."

राजवाडे साहेबांनी विचारलं, "एका कानाने फोन ऐकायचा आणि दुसऱ्या कानाने मशीन? जमेल तुम्हाला?"

"वीस वर्सं दोन कानांनी दोन फोन ऐकलेत, साहेब."

साहेब तयार झाले, पण पुढे दोन अडचणी निघाल्या. बँकेच्या कॉम्प्युटरवर बाहेरचा प्रोग्रॅम घालायला मुख्य कार्यालयाची परवानगी नव्हती, तेव्हा यंत्र स्वतःचं आणावं लागणार होतं. आणि केबिनमध्ये एक पंखा आणि एक ट्यूबलाइट सोडली तर विजेचं बटणसुद्धा नव्हतं. प्लग बसवायचा तर भिंत फोडावी लागणार, त्याचा प्रस्ताव, मंजुरी, टेंडर. केबिन सोडून हॉलमध्ये बसावं तर तिथल्या गलक्यात फोनवरचं ऐकू येणार नाही.

"म्हणजे दहा ते पाच बॅटरीवर चालणारा लॅपटॉप पाहिजे," शिवराज घरी येऊन म्हणाला.

"असतो का तसा?"

"बघू की."

गिऱ्हाइकांची गर्दी नसावी म्हणून त्याने मुद्दाम बुधवारी रजा टाकली. दोघं बसने सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात गेली. पहिल्या दुकानात त्यांना फार वेळ कुणी विचारलंच नाही. दुसऱ्या दुकानातल्या मुलीने कागदावर छापलेलं सगळं घडाघडा वाचून दाखवलं आणि बॅटरीचं विचारल्यावर "अच्छा चलता, सर" एवढंच म्हणाली. तिसरं दुकान किशोर नावाच्या माणसाचं होतं, अरुंद, तळमजल्यावरचं. त्याने शिवराजच्या हातातली पांढरी काठी पाहिली आणि काय हवंय ते विचारायला तारामतीकडे वळला.

"बोलो मॅडम, साबकु क्या होना?"

"साबकु साबसेच पूछो ना," शिवराज हसून म्हणाला.

किशोर ओशाळला. स्वतःची खुर्ची उचलून त्याने शिवराजच्या मागे ठेवली. "माफ करो साब. बोलो."

"सुबह दस से शाम पांच. बीच में चार्जर नै. बस, इत्ता होना."

"सात घंटे? वैसा माल नै आता साब. ये तीन घंटे, साडेतीन घंटे. लेकिन डिस्प्ले देखो, क्या रंग है..." बोलता बोलता तो थांबला.

"रंग तुम देख लेव," शिवराज म्हणाला. "एक बात बताव. बॅटरी सबसे ज्यादा कौन खाता?"

"स्क्रीन, साब."

"तो मेरेकु स्क्रीन नक्को."

किशोर जोरात हसला, आणि त्याच्याबरोबर तारामतीही. पंधरा वर्षं कॉम्प्युटर विकत होता; पडदा नको म्हणणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं. पडदा पुरता बंद ठेवला, तारेचं किंवा बिनतारी इंटरनेट काहीच चालू ठेवलं नाही, तर यंत्र किती वेळ चालेल हे त्याला खरंच सांगता येईना. कुठल्या कागदावर तसं छापलेलं नव्हतं.

"तो फिर बैठके देखेंगे," शिवराज म्हणाला. "चलेगा?"

सकाळचे सव्वाअकरा झाले होते. किशोरने दुकानाच्या मागच्या बाजूला एक टेबल मोकळं केलं. शिवराजने आधी यंत्रं हाताने पाहिली. एक फार पातळ होतं, वहीसारखं, पण त्याच्या कळा सपाट होत्या. बोटाला एक अक्षर संपून दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. ते त्याने बाजूला सरकवलं. दुसऱ्याचा पंखा घरघरत होता. ते कानाला चालणार नव्हतं. तिसरं जड होतं, कळा खोलगट, आणि मागच्या बाजूने बोटभर काहीतरी बाहेर आलेलं.

"ये क्या है?"

"नौ सेल की बॅटरी, साब. बाकी में छे सेल रहते. एक कंपनी मंगायी थी, फिर लिये नै. कैसी दिखती बोलके कोई लेताच नै."

शिवराजने तारामतीला विचारलं, "कसा दिसतो?"

"कसंतरीच," ती म्हणाली. "पाठीला कुबड आल्यासारखा. आणि रंग चुलीतल्या राखेचा. तो पहिला किती नाजूक होता हो, आरशावाणी चमकत होता. चार माणसांत काढायचा तर..."

"चार माणसं माझ्या केबिनमध्ये येत नाहीत."

ते वाक्य त्याने चेष्टेने म्हटलं होतं, पण तसं ते बाहेर आलं नाही. तारामतीने त्याचा हात धरून त्या कुबडावर ठेवला. "बघा तुम्हीच. तुम्हाला आवडला तर मला काय."

बरोबर आणलेल्या सीडीवरून त्याने बोलणारा प्रोग्रॅम घालून घेतला, किशोरने पडदा विझवला, आणि बरोबर बाराला चार्जर काढला. आता बॅटरी संपेपर्यंत टाइप करत राहायचं होतं. काय टाइप करावं? तासभर त्याने पत्रांचे मायने टाइप केले. मग ते संपले. मग त्याची बोटं आपोआप आकड्यांकडे गेली. शाखेचं नाव, व्यवस्थापकाचं नाव, नंबर. एकामागून एक. यातले कितीतरी नंबर बदलले होते, कितीतरी माणसं निवृत्त झाली होती, काही वारली होती. तो प्रत्येकाचा आवाज आठवून लिहीत होता.

"काय लिहायलात एवढं?" तारामतीने विचारलं. पडदा काळाच होता, तिला काही दिसत नव्हतं.

"माझे नंबर. सगळे. कुठं लिहून ठेवलेले नव्हते कधी."

ती स्टूल ओढून शेजारी बसली. दुपारी किशोरने इराणी चहा मागवला. मधेच एकदा गल्लीतली वीज गेली, दुकानातले सगळे कॉम्प्युटर बंद पडले, इन्व्हर्टर लागेपर्यंत किशोर अंधारात बिलबुकातलं पान शोधत राहिला. मागच्या टेबलावर कळांची टकटक चालूच होती. तीन वाजले, चार वाजले. पाचला यंत्र म्हणालं, तेहतीस टक्के. किशोर गिऱ्हाईक सोडून मागे आला आणि म्हणाला, "क्या बात है, साब." साडेसात वाजता ते बंद पडलं. साडेसात तास.

"उद्या वर्षभराने बॅटरी थोडी उतरेल," किशोरने आपल्या हिंदीत त्याला समजावून सांगितलं, खोटं बोलला नाही. "तरी तुमचं काम निभेल. नाहीच निभलं तर दुसरी बॅटरी मागवून देईन."

शिवराजने तोच घेतला.

पुढच्या सोमवारी साडेदहाला आदिलाबादहून पहिला फोन आला. अधिकारी दिलीप कुंटे होते. आधी चाचरत बोलले. असं एखाद्याला आपलं म्हणणं तोंडी सांगायची त्यांना सवय नव्हती. पण पाच मिनिटांत त्यांना कळलं, की पलीकडचा माणूस शब्द गाळत नाही. मधे एका ठिकाणी शिवराजने त्यांना थांबवलं.

"साहेब, मघाशी कर्जखाती एकशे बेचाळीस म्हणाला होतात, आत्ता एकशे चोवीस म्हणालात. कुठलं ठेवू?"

पलीकडे कागदांची सळसळ झाली. "बेचाळीस. बरं झालं बोललास, शिवराज. खरोखर बरं झालं."

त्यानंतर नलगोंड्याचा फोन, मग पुन्हा आदिलाबादचा. दुपारनंतर तर एक फोन चालू असताना दुसरा अधिकारी लाइनवर थांबून राहिला. पाचला शिवराजने तिन्ही अहवाल पेन ड्राइव्हवर घालून राजवाडे साहेबांच्या हातात दिले. साहेबांनी आपल्या कॉम्प्युटरवर पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना हेच सांगतो."

तो घरी आला तेव्हा तारामती भाजी निवडत होती. तिने नेहमीप्रमाणे पिशवीतून डबा काढला, तर जड लागला. उघडून पाहते तो पोळ्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं जसंच्या तसं.

"अहो, जेवला नाहीत?"

शिवराज चप्पल काढता काढता थांबला. पोटावर हात ठेवून जरा विचार केला, आणि खरंच आश्चर्याने म्हणाला, "विसरलोच की."

"विसरलात? जेवायचं?"

"टाइमच नव्हता."

तारामतीने दोन ताटं घेतली आणि गार झालेली भाजी गॅसवर ठेवली. शिवराज पाटावर बसून बोलू लागला. आदिलाबादला काय झालं, कुंटेसाहेब कसे चाचरले, नलगोंड्याच्या साहेबांना खोकला झालाय. सगळं आजचं होतं. ती भाजी हलवत ऐकत राहिली.