हळदीच्या पेवातला ग्रंथ

हळदीचा वास आला की सांगलीजवळचं ते पेव आठवतं. वडील कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. बेचाळीसच्या धरपकडीत झडतीच्या भीतीने त्यांनी आपल्या ग्रंथाचं हस्तलिखित डब्यात घालून एका शेतकऱ्याच्या पेवात, जमिनीखालच्या त्या हळदीच्या कोठारात ठेवलं होतं. त्यातलं अनासक्तीचं प्रकरण ते त्याआधी आम्हाला कौतुकाने वाचून दाखवत. पुढे पेव उघडलं तेव्हा शेतकऱ्याने आधी कंदील खाली सोडला आणि तो विझला. वडील तरीही उतरायला निघाले. त्याने त्यांचा दंड धरला. "आवं, आत हवा न्हाई, जीव जाईल. पुस्तक काय, परत लिवता येतंय." "नाही येत," वडील रडवेले होऊन म्हणाले. पेव रात्रभर उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंदील तेवत राहिला, डबा वर आला, पानं कोरडी निघाली. वडील तिथेच पोत्यावर बसले आणि किती तरी वेळ हसत राहिले. छापलेला ग्रंथ आज माझ्या कपाटात आहे; त्यात अनासक्तीचं प्रकरण नाही.