न लिहिलेली ओळ

पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली तसा मी साखऱ्याला परत आलो. गावात कुणी विचारलं की 'कॉम्प्युटरचं काम' म्हणून मोकळा होतो. खरं काम म्हणजे प्रोग्राम नीट चालतो का ते बघायला चाचण्या लिहायच्या. चाचण्या चालवल्या की अहवाल निघतो: प्रोग्रामच्या इतक्या ओळी चाचणीत चालल्या, इतक्यांना कुणी हातच लावला नाही. चाललेल्या हिरव्या, राहिलेल्या लाल. ह्याला म्हणायचं कव्हरेज. आमच्या साहेबांचा नियम होता, ऐंशी टक्क्यांच्या खाली आकडा दिसला की काम परत. त्यामुळं मला त्या आकड्याचं वेडच लागलं.

शेजारी एक मावशी एकटी राहते. नात्याची नाही, पण लहानपणापासून मावशीच म्हणतो. तिच्याकडं तीन शेळ्या आणि चौथी एक काळी म्हातारी. म्हातारीचं दूध कधीच आटलेलं, तोंडात एकही दात नाही. मावशी तिला पाण्यात भाकर कुस्करून चारायची. विकायचं नाव काढलं की अंगावर यायची, "तुह्या मायला इकतूस का रं म्हातारी झाल्यावर?" मी हसायचो. रोज डोळ्यांनी बघायचो ते भाकर कुस्करणं.

मागच्या उन्हाळ्यात डोक्यात आलं, गावातल्या शेळ्या-मेंढ्यावाल्यांसाठी मोबाइलवर काहीतरी करावं. जंताचं औषध अंदाजानं पाजतात, कुणाला जास्त, कुणाला कमी. वजन करायला काटा कुणाकडं असतो? आणि वय तर आमच्याकडं कुणी वर्षांत सांगतच नाही. खालचा ओठ ओढायचा आणि दात बघायचे. पिलाला नुसते दुधाचे दात, पक्के दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती. मी तेच धरलं, दातांवरून वय आणि वयावरून वजनाचा अंदाज. मोबाइल विचारणार, पक्के दात किती? शून्य, दोन, चार, सहा, आठ. मग विचारणार, गाभण आहे का? आणि सांगणार, इतकं औषध. आकडे जनावरांच्या डॉक्टरांनी लिहून दिले. प्रोग्राम माझा.

पहिल्याच अहवालात गाभण शेळीच्या ओळी लालभडक. म्हणजे त्या मी एकदाही चालवून बघितल्या नव्हत्या. उघडून बघतो तर काय, गाभणीला चालत नाही तेच औषध मी सांगून बसलेलो! हे तसंच गावात गेलं असतं तर किती शेळ्या गाभडल्या असत्या कुणाला ठाऊक. त्या लाल रंगाचे उपकार मी आजही मानतो. कव्हरेज फुकटचा बडेजाव आहे म्हणणाऱ्यांशी मी अजूनही भांडतो.

पण तिथं थांबेल तो मी कसला. नव्वद झाले, पंच्याण्णव झाले, शेवटी शंभर. सगळं हिरवंगार. मग काय, महिनाभर मी नाकानं कांदे सोलत गावातून फिरलो. घरोघरी मोबाइलात टाकून दिलं. पारावर सांगत सुटलो, शंभर टक्के तपासलंय, डोळे झाकून वापरा.

पावसाळ्यात मावशीनं चारी शेळ्यांना त्यातच बघून औषध पाजलं. तीन आठवड्यांनी म्हातारीच्या जबड्याखाली पाण्यासारखी सूज आली. डॉक्टर आले, पापणी उलटून बघितली. आत पांढरीफटक.

"जंतानं रक्त खाल्लं हिचं. औषध पाजलं नव्हतं?"

"पाजलं की, मोबाइलमधी बघून." मावशीनं औषध पाजायच्या पिचकारीवर बोट ठेवून दाखवलं, इथपर्यंत.

"अहो, हे तर पिलाचं माप झालं!"

मावशीनं शेजारी उभ्या माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मीच भलतं बटन दाबलं असंल. त्यो कसा चुकंल? ह्यानं शंभर टक्के तपासलाय."

डॉक्टरांनी पुन्हा औषध दिलं, पण उशीर झाला होता. दोन दिवसांनी म्हातारी गेली.

डॉक्टर बोलत होते तेव्हाच, मावशीच्या अंगणात उभ्या उभ्या मला कळलं होतं. मावशीनं ओठ ओढला, एकही दात दिसला नाही, तिनं शून्य दाबलं. बराबर दाबलं. शून्य म्हणजे पिलू, असं मी लिहिलं होतं. दात पडून गेलेली म्हातारी मी लिहिलीच नव्हती. आणि जी ओळ लिहिलीच नाही, तिला अहवाल लाल तरी कशी दाखवणार? लिहिलेल्यातलं सगळं त्यानं खरं सांगितलं होतं. न लिहिलेलं मला कुणाला तरी विचारावं लागलं असतं, आणि शंभर दिसल्यावर मी विचारायचंच बंद केलं.

डॉक्टर येऊन गेले त्याच दिवशी मी प्रोग्राम सुधारला. सगळ्यांना निरोप धाडला, नवीन टाकून घ्या, थोडी सुधारणा आहे. का, ते सांगितलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय? मावशी मात्र येईल त्याला सांगायची, "ह्या मुडद्या हातानं मारली बघा माही म्हातारी." उजवा हात डाव्या हातानं बडवायची. मी ओट्यावर बसून ऐकायचो आणि मूग गिळून घरात जायचो.

म्हातारी गेल्याच्या नवव्या दिवशी राहवलं नाही. सकाळीच गेलो. म्हणालो, "मावशी, तुझं बटन बराबर होतं. चूक माझी हाय. दात पडलेल्या शेळीचं मी त्यात घातलंच न्हवतं."

ती शेळ्यांपुढं पाला टाकत होती. टाकून झाला, हात झटकले.

"कधी कळलं तुला?"

"डॉक्टर आलते त्याच दिशी."

तिनं माझ्याकडं बघितलं. आवाज चढला नाही की डोळ्यात पाणी आलं नाही.

"मंग आठ दिवस मला माह्या हाताला शिव्या काहून देऊ दिल्यास रं?"