लाकडी बुटातले नाव

दिनांक ९ मे २०२२. रक्कम ४७ युरो ६० सेंट. हिस्के ड्राइस्माने ती टॅक्सीवाल्याला मोजून दिली. नवरा वीब्रेन हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आला होता, पण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही आल्या नव्हत्या. इस्पितळ म्हणाले, औषधाचे दुकान पाठवेल. दुकान म्हणाले, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी हवी. डॉक्टर म्हणाले, हे घरी येणाऱ्या नर्सचे काम. नर्स म्हणाली, "अहो, पेशंट घरी आलाय हेच मला कुणी सांगितलं नाही!" गाडी एरवी वीब्रेनच चालवायचा. शेवटी हिस्के टॅक्सीने शहरात जाऊन गोळ्या घेऊन आली.

हे चौघेही एकाच आरोग्य-जाळ्यातले, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या एकाच संस्थेतले. संचालक एक, पाटी एक, गुळगुळीत पुस्तिकाही एकच. दुसरी शस्त्रक्रिया सप्टेंबरात ठरली होती. त्या वेळी गोळ्यांचे कोण बघणार, एवढेच हिस्केला हवे होते.

ती चौतीस वर्षे फ्रीसलंड या डच प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल उघडत आली होती. होडी आली की पूल वर जाई आणि मासे धरायच्या गळासारख्या काठीच्या दोरीला बांधलेला लाकडी बूट खाली येई. होडीवाला त्यात पुलाचा कर म्हणून दोन युरो टाके. पूल कुणी उघडला, त्याचे नाव वहीत. पूल अडकला तर वहीत "आम्ही सगळे" असे लिहायची सोय नव्हती.

जूनमध्ये जाळ्याची रुग्णांबरोबर वार्षिक सभा झाली. कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळाले आणि डबा बंद झाला. हिस्केने तोच प्रश्न विचारला.

"हिस्केबाई, जबाबदारी आम्हा सर्वांचीच आहे," संचालक टेर होर्स्ट म्हणाले.

"म्हणजे चार घरचा पाहुणा उपाशी!" असे म्हणून तिने खुर्चीखालून पुलावरची ती बुटाची काठी काढली.

"बाई, इथे मासे नाहीत!" मागून कुणीतरी ओरडले.

"आहेत की. चांगले मोठे आहेत, पण निसटतात."

बूट संचालकांच्या नाकासमोर झुलू लागला.

"नाणं नको, साहेब. गोळ्या आल्या नाहीत तर फोन कुणाला करू? एकच नाव लिहून टाका."

टेर होर्स्टनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. दोन्हीकडचे लोक पुस्तिका वाचत होते.

"घाबरू नका," हिस्केशेजारी बसलेला वीब्रेन म्हणाला, "हा बूट चावत नाही."

सभागृह खदखदून हसले. संचालकही हसले, आणि त्यांनी चिठ्ठीवर स्वतःचेच नाव व नंबर लिहून ती बुटात टाकली. मग सहकाऱ्यांकडे वळून म्हणाले, "नाव माझं, तर चौघांना हुकूमही मीच देणार. आजच ठराव करा." ठराव झाला : घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर एका माणसाचे नाव, आणि त्या माणसाला चौघांना कामाला लावायचा अधिकार. टॅक्सीचे पैसे जुलैत मिळाले, संचालकांच्या सहीनिशी.

सप्टेंबरात गोळ्या वीब्रेनच्या आधी घरी पोचल्या. तरीही फोन वाजला.

"टेर होर्स्ट बोलतोय. आल्या का?"

"आल्या. मागोमाग नवराही आला."

पुढच्या उन्हाळ्यात संचालकांची शिडाची होडी पुलापाशी आली. हिस्केने बूट सोडला. त्यांनी खिसे चाचपले, सुटे नव्हते. तिने पूल उघडला आणि वहीत लिहिले : टेर होर्स्ट यांच्याकडून दोन युरो येणे. ते अजून आलेले नाहीत.