चितकबरीची सोयरीक

धाकट्या जावेचे लांब केस, तिच्या गोल भाकऱ्या, भाऊजींचं तिच्या मागेमागे फिरणं, हे सगळं मी मुकाट्याने गिळलं होतं. पण तिच्या पिंजऱ्यात ती चितकबरी निघाली आणि माझा जो जळफळाट झाला, तो आजही शमलेला नाही.

पाखरं मुळात माझी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही सातपूरला घर बांधलं. वर आम्ही, खाली सासूबाई आणि दीर-जाऊ. हे कंपनीत आणि मुलं शाळेत गेली की मी गच्चीवर. बुधवारच्या बाजारातून आणलेले लव्हबर्ड्स, म्हणजे ते छोटे रंगीत पोपट, तिथे पाळले होते. खायला राळे आणि कोथिंबीर, अंडी घालायला भोक पाडलेली मडकी. त्यांत एक मादी निळी-पांढरी चितकबरी होती. मानेमागे टिकलीएवढा पांढरा डाग. पिंजऱ्याचं दार उघडलं की सरळ माझ्या हातावर यायची आणि तळहातावरचे दाणे टिपायची. घरात माझ्याकडे हक्काने येणारं तेवढंच कोणीतरी होतं म्हणा ना.

मला तिच्यासारखं दुसरं हवं होतं. साध्या निळ्या नराशी तिची जोडी लावली. पिल्लं झाली, ती सगळीच्या सगळी बापासारखी साधी निळी. आईचा एक ठिपका घेतला नाही मेल्यांनी! पुढे एका कडाक्याच्या थंडीत ती गेली. हे म्हणाले, "अगं, पाखरूच होतं ते." मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

तिच्या पिल्लांच्या मी बाहेरच्या पाखरांशी जोड्या लावत राहिले. आपसात कधीच लावल्या नाहीत. माझे वडील आमच्या समाजात सोयरिकी जुळवायचे. दोन्ही घरांचं देवक एक निघालं, की मुलगी कितीही देखणी असो, बोलणी तिथेच थांबायची. मग सख्ख्या भावंडांचं लग्न मी लावीन होय? शी! गोंधळ नको म्हणून तिच्या पिल्लांच्या नखांना मी लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं.

धाकटीचं माहेर देवळा गावचं. एकदा वर आली आणि म्हणाली, "ताई, मला पण द्या ना दोन. मला लय आवडतात." चांगली पाखरं कोण देतं? मी त्याच साध्या निळ्यांतला एक नर आणि एक मादी दिली. वर बजावलं, "भाऊ-बहीण आहेत, वेगवेगळे ठेव." "हो ताई," म्हणाली आणि खाली जाऊन दोघांना एकाच पिंजऱ्यात घातलं.

काही महिन्यांनी जिन्यातून तिची हाक आली. मी पीठ लागलेल्या हातांनीच खाली गेले. मडक्यात तीन पिल्लं होती. दोन साधी. तिसरं निळं-पांढरं, आणि मानेमागे तो टिकलीएवढा डाग. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आजीवर गेली!"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. तो रंग कुठे गेलाच नव्हता. माझ्या चितकबरीच्या सगळ्या पिल्लांत तो दडून बसला होता आणि दोन्हीकडून आल्याशिवाय दिसणार नव्हता. वर्षानुवर्षं मीच त्याला नेलपॉलिश लावून अडवून धरलं होतं!

"तुला सांगितलं होतं ना, भावंडं आहेत म्हणून?" मी तिच्यावरच उखडले.

"ताई, पिंजराच एक हाय. आणि पाखरांना कसलं देवक?"

गल्लीतल्या बायका बघायला येऊ लागल्या. "धाकटीच्या हाताला गुणच आहे," असं सासूबाई येईल तिला सांगायच्या. आणि माझा हात काय जळका होता? साखर नेण्याच्या निमित्ताने मी खाली जायची, तर ती बया स्वयंपाक करतेय आणि चितकबरी तिच्या खांद्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, ते कांद्यावर ढकलायची.

चितकबरीचं चोचीवरचं नाक तपकिरी झालं, म्हणजे मादी हे पक्कं झालं. मग मी चक्क सोयरीक घेऊन खाली गेले. माझ्याकडे लाल नखांचा एक नर उरला होता, तिच्या आईचा आणि बापाचाही सख्खा भाऊ. मामाही तोच, काकाही तोच.

धाकटी खुदकन हसली. "ताई, देवक?"

"पाखरांना कसलं देवक!" मी म्हणाले. वडील वरून बघत असले तर बघोत.

"मुलगी देते," ती म्हणाली, "पण पहिलं बाळंतपण माहेरी."

मी कबूल केलं. सासूबाईंनीही मान डोलावली. जोडी जमली, नवरी मडक्यात जाऊन बसायला लागली आणि धाकटी येऊन तिला मडक्यासकट खाली घेऊन गेली. मी दिवसातून दहादा जिना उतरायची. या खेपेला एकच पिल्लू जगलं. पण काय पिल्लू! निळं-पांढरं, मानेमागे तोच डाग. माझी ती मेलेली परत आल्यासारखी. मी धाकटीसमोरच रडले.

ती शब्दाला पक्की निघाली. पिल्लू दाणे टिपायला लागल्यावर बाळ-बाळंतीण दोघांना मडक्यात घालून, त्यावर नवा चोळीचा खण झाकून वर घेऊन आली. "घ्या तुमची नात."

ती गेल्यावर मी पिंजऱ्याचं दार उघडलं, तळहातावर राळे घेतले आणि हात आत धरला. पिल्लू मागे सरकलं. मी तशीच उभी राहिले, हात अवघडून गेला. इतक्यात खालून धाकटीने मुलांना जेवायला हाक मारली. पिल्लू फडफडत उडालं, जिन्याकडच्या जाळीला चिकटलं आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं.

मी पिंजरा उचलला आणि गच्चीच्या पार पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवला. धाकटीचा आवाज तिथेही यायचा.