रमोनची सात मिनिटं

रमोन गेल्याचं मला अकरा सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमधून कळलं. पाठवणारा फर्नांडिस, त्याच्या बँडमधला गोव्याचा ढोलवाला. "भाऊ, रमोन गेला. गावी टायरच्या दुकानात कामाला होता. तिथेच छातीत कळ आली." बस. याला आता पाच आठवडे झाले...

इथे आखातात, सबाह अल-सालेमला, तो आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचा. मूळचा कॅरिबियन बेटावरचा, डोमिनिकन. सोळा वर्षांपूर्वी नऊ जणांचा बँड घेऊन शर्कमधल्या एका हॉटेलात आला. नवाचे पाच झाले, पाचाचे तीन. तिथे त्याची गाणी कुणी मागत नसे, वाढदिवसाचं गाणं मात्र रोज. "माझं सगळ्यात गाजलेलं गाणं," तो म्हणायचा, "आणि ते माझं नाही." त्याचं गाणं म्हणजे मेरेंगे. नाचायचं गाणं. सुरुवात संथ, आणि शेवटी अशी झड लागते की पाय आवरत नाहीत. सोबत पत्र्याचं एक खरखरीत नळकांडं, काट्यांनी घासून वाजवायचं. आमची ही त्याला किसणी म्हणायची. "वहिनी, खोबरं किसू?" तो जिन्यातून ओरडायचा. तेवढं मराठी त्याला हिनेच शिकवलेलं.

गेल्या वर्षी हॉटेलने बँड बंद केला. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या नोकरीवरच होता. तो संपायला एकवीस दिवस उरले असताना दुसऱ्या हॉटेलचा मॅनेजर त्याला ऐकायला तयार झाला. पण ऐकवणार कुठे? मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्याला जागा मिळवून दिली. उपकार केल्यासारखी.

मंडळात वेळ मी सांभाळतो. प्रत्येकाला सात मिनिटं. सहाव्याला घंटा, सातव्याला पडदा. पडदा उघडल्यापासून मोजायचं, हा नियमही माझाच. रमोनने आधी मराठीत नमस्कार केला, मग हिने लिहून दिलेली पाच वाक्यं पाठ म्हटली. लोक खूश. टाळ्या थांबेनात. त्यातच तीन मिनिटं गेली. मग संथ भाग. मी घंटा वाजवली. त्याने गाता गाताच माझ्याकडे पाहून हात जोडले... झड आता लागणारच होती. मी दोरी ओढली.

मॅनेजर जाताना म्हणाला, "आवाज छान आहे. पण आम्हाला जरा जोरदार काहीतरी हवं होतं."

रमोन विंगेत घाम पुसत उभा होता. "भाऊ, सात झाली?"

"सात."

"मग तुझी चूक नाही."

विसाव्या दिवशी तो मायदेशी परतला. जाताना नळकांडं हिच्या हातात देऊन गेला.

मेसेज आल्यावर मी मंडळाची वही काढली. रमोनच्या नावापुढे सात. त्याच्या वरच्या ओळीत अध्यक्षांच्या मुलीचं नृत्य. त्यापुढे माझ्याच अक्षरात अकरा. घंटेचा रकाना कोरा.

हिला दाखवलं. तिने वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला तेव्हाच माहीत होतं. त्यालाही."

"मग बोलला का नाही?"

"मी बोलणार होते. त्यानेच अडवलं. म्हणाला, राहू दे वहिनी, त्याला तेवढी एकच गोष्ट नीट येते."

नळकांडं आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं आहे. धूळ पुसायला उतरवलं की आपोआप खरखरतं. मग ही माझ्याकडे बघते, आणि मी घड्याळाकडे.