ठमाबाईला मराठी कळायचं

तंजावुरात डुकरांशी तासन् तास मराठीत गप्पा मारणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या मावशीच्या नशिबी आला. काकांचं काम ऐकूनच सोयरेधायरे गार पडत. प्रयोगशाळेत डुकराला भूल द्यायची, त्याचं हृदय मुद्दाम बंद पाडायचं, जरा थांबायचं आणि मग छाती दाबून, औषध टोचून, विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करायचं. डुकराचं हृदय बरंचसं माणसाच्या हृदयासारखं, तेव्हा आज जे त्याला वाचवेल ते उद्या आपल्याला वाचवेल, असा हिशेब. "मेलेल्याला उठवण्याचा पगार घेतो मी," असं ते तोऱ्यात सांगायचे. आणि माणूस असा सोवळा, की कांदासुद्धा वर्ज्य!

त्यांच्या हातांना स्वस्थता म्हणून ठाऊक नव्हती. लोड दिसला की दोन्ही तळवे रोवून दाबायला लागायचे. माझ्या लग्नात भर पंगतीत त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या छातीवर बोट टेकवून समजावलं, "इथं दाबायचं. बरगडी मोडली तर मोडू दे, ती सांधता येते." सासरे बिचारे पायसम तसंच टाकून उठले. मावशीनं कपाळावर हात मारला, "अय्यो, ह्यांना कुणीतरी आवरा गे!"

ती मावशी एका दुपारी हृदय बंद पडून स्वयंपाकघरात कोसळली, ती उठलीच नाही. घरात कोणी नव्हतं. काका तेव्हा प्रयोगशाळेत कुठल्याशा डुकराचं हृदय चालू करत होते, आणि ते चालूही झालं. याबद्दल ते कधी एक अक्षर बोलले नाहीत.

बोलायचं तरी कुणाशी? राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत एके काळी भांडणंसुद्धा मराठीत व्हायची. आता मुलगा तमिळमधून उत्तर देतो, नातीला सगळं कळतं पण तोंड उघडत नाही. मग काका डुकरांशी बोलू लागले. ठमाबाई त्यांतली लाडकी. केळं भरवता भरवता तिला घरचं सगळं सांगायचे, सुनेच्या तक्रारींसकट.

ठमाबाईवर प्रयोग झाला आणि दुसऱ्याच दिवशी काकांना पापनाशमला लग्नाला जावं लागलं. हृदय सुरू झालं होतं, आता मेंदू शाबूत आहे का ते हाक मारून पाहायचं होतं. मदतनीस पोरांनी "एळुंदिरु, एळुंदिरु" म्हणत तमिळमधून उठवून उठवून घसा कोरडा केला, बाईंनी कानसुद्धा हलवला नाही. मेंदू गेला, असं ठरवून पोरं मोकळी झाली. संध्याकाळी काका परतले आणि लग्नात नेसलेली रेशमी वेष्टी सावरत दारातूनच म्हणाले, "काय गे ठमे, ऊठ की! किती निजशील?" बाई धडपडत उठल्या आणि थेट त्यांच्या वेष्टीला नाक पुसलं. "सार, हे मराठी डुक्कर!" पोरं हसून लोळली. काका मात्र रडत होते.

मग खरी पंचाईत झाली. प्रयोग संपला की जनावराला कायमचं झोपवून मेंदूचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, हा तिथला नियम, आणि तो काकांनीच घालून दिलेला. जन्मात कुणापुढे हात न पसरलेला हा माणूस प्रयोगशाळेच्या समितीपुढे उभा राहिला. म्हणाला, "एवढी एक मला द्या."

"ठेवणार कुठे?"

"माडीवर."

सगळे हसले. मग अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मेंदू पाहिलाच नाही, तर ती पुरती वाचली हे माणसांच्या डॉक्टरांना कशावरून पटवायचं?" शेवटची सुई काकांनी दुसऱ्या कुणाला देऊ दिली नाही.

मी इकडे पुण्यात. त्या रविवारी त्यांचा फोन आला, "आज काय रांधलंस? फोडणीपासून सांग." मला वाटलं, पथ्यपाण्याचं काही असेल. सांगितलं. आता दर रविवारी तेच. मी मोहरी, कढीपत्ता, वांगी असं सगळं रसभरीत सांगते, पलीकडून नुसतं "हं, मग?" येतं. भाजी शिजून झाली तरी ते फोन ठेवू देत नाहीत.

परवा म्हणाले, "तुझा आवाज अगदी तुझ्या मावशीसारखा होत चाललाय गे."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"थांबू नको," ते म्हणाले. "सांग, मीठ केव्हा घातलंस?"